भाजणी विचारायला कुणी येतं का?

वृद्धाश्रमाच्या ऑफिसात टेबलावर मोठी रोजनिशी उघडी होती. दिवाळीच्या पानांवर बोट ठेवायला जागा नव्हती. सकाळी दहा ते अकरा एका कॉलेजचा गट, अकरा ते बारा कुठल्याशा कंपनीचे कर्मचारी, चार ते पाच महिला मंडळ, त्यानंतर भावगीतांचा कार्यक्रम. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत असंच. मी पानं मागे उलटत गेले. पितृपक्षाचा पंधरवडाही भरलेला होता, तेव्हा अन्नदान करणारे येतात. त्याआधी पंधरा ऑगस्ट. आणखी मागे गेलं की मात्र डॉक्टरांच्या भेटी आणि गॅस सिलिंडरच्या नोंदी.

"एकटेपणा बघायला दिवाळीत आलात?" व्यवस्थापक बाई हसल्या. "आमच्याकडे दिवाळीत माणसं कमी नसतात हो. आवरत नाहीत."

गेल्या वर्षीचा दिवाळी अंक हातावेगळा झाल्याबरोबर संपादकांनी यंदाचा विषय सांगून ठेवला होता: सणासुदीत एकटी पडणारी म्हातारी माणसं. म्हणून मी गेल्या दिवाळीतच फिरायला सुरुवात केली. मनात एक तयार चित्र होतं: खिडकीत बसलेली आजी, परदेशात मुलगा, दारात एकच पणती. तशा आज्या भेटल्याच नाहीत असं नाही. पण त्या फार थोड्या.

हॉलमध्ये बसा, पाहुणे आलेत

पुण्याच्या वेशीवरचा हा वृद्धाश्रम. वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्था या शहराला नव्या नाहीत; नवी पेठेतला 'निवारा' एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिला. नवीन आहे ती दिवाळीतली ही गर्दी. प्रत्येक गट आला की सगळ्यांना चांगल्या साड्या, इस्त्रीचे शर्ट घालून हॉलमध्ये बसवायचं. ज्यांना धरून आणावं लागतं त्यांना धरून आणायचं. गाणी होतात, भाषण होतं, फराळाची पाकिटं हातात ठेवून फोटो निघतात. तासाभरानं पुढचा गट. पाकिटांतले लाडू आणि काजूकतली मधुमेह्यांच्या हाती पडण्याआधी गोळा करणं हे कर्मचाऱ्यांचं खास दिवाळीचं काम. तरी उशीखाली काही ना काही सापडतंच.

"येतात ती मुलं गुणी असतात," एक आजी म्हणाल्या. त्या पूर्वी शाळेत शिपाई होत्या. "पण प्रत्येक जण विचारतो, आजी कशा आहात? मी म्हणते, बरी आहे. त्यापुढचा प्रश्न कुणाला सुचत नाही."

येणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. सुट्टी तेव्हाच मिळते, द्यावंसंही तेव्हाच वाटतं. व्यवस्थापक बाई फोनवर प्रत्येकाला सुचवतात की जानेवारीत या, नाहीतर मार्चमध्ये. बहुतेकांचा आवाज तिथेच पडतो. एका गटानं मात्र खरंच ऐकलं. इंजिनिअरिंगची पाच-सहा मुलं महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी येतात आणि पत्ते खेळतात. गाणी नाहीत, फोटो नाहीत. त्यांच्याबद्दल आश्रमात तक्रारीचा सूर आहे: एक मुलगा पानं लपवतो, दुसऱ्याला बदामसात धड येत नाही. ही तक्रार मी दिवसभरात वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकली, आणि त्या दिवशी मला तिथे सापडलेली सर्वांत निरोगी गोष्ट तीच होती.

दुसरी गोष्ट करंज्यांची. स्वयंपाकघरात रहिवाशांनी यायचं नाही असा नियम आहे. गरम तेल, ओली फरशी. नियम बरोबरच आहे. पण गेल्या वर्षी बाईंनी सारण आणि पिठाचा गोळा हॉलमध्येच आणवला. लाटणारी, सारण भरणारी, कातण्यानं कापणारी अशा जागा वाटल्या गेल्या आणि पाहता पाहता मुरड घालता येणाऱ्या व न येणाऱ्या असे तट पडले. ज्या आजी दोन महिने कुणाशी बोलत नव्हत्या, त्यांनी समोरचीच्या करंजीकडे बघून "ही तळताना उकलणार" असं जाहीर केलं. ती उकललीही.

पेपर नाही, पोळ्या नाहीत

कोथरूडमधले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा बंगळूरला, एक दिवाळी इथे, एक सासुरवाडीला. गेल्या वर्षी सासुरवाडीची पाळी होती. मी त्याबद्दलच विचारत राहिले, आणि ते दुसरंच सांगत राहिले.

त्यांचा नेहमीचा दिवस असा. सहाला दूध. साडेसहाला हास्यक्लब. परत येईपर्यंत पेपर दारात. साडेनऊला पोळ्यांच्या बाई, त्यांच्याशी पाऊण तास वाद: कधी मिठावरून, कधी राजकारणावरून. मग वाचनालय, तिथे खुर्चीवरून दुसऱ्या एका काकांशी जुनं वैर. आठवड्यातून एकदा काम नसताना पासबुक भरून आणायचं. संध्याकाळी गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्ट.

दिवाळीत हे सगळं एकदम थांबतं. हास्यक्लबाला सुट्टी. वाचनालय बंद, बँक बंद. पोळ्यांच्या बाई गावाला. फिजिओ कुटुंबासह कोकणात. एक-दोन दिवस तर पेपरही येत नाही. बाहेर रोषणाई, गाड्यांची वर्दळ, शेजारच्या फ्लॅटमध्ये पाहुणे. आणि काकांच्या दाराची बेल सकाळच्या दुधानंतर वाजतच नाही.

"मुलगा नसल्याची सवय आहे मला," ते म्हणाले. "पोळ्यांच्या बाई नसल्याची नाही."

रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एकाकीपणावरच्या पुस्तकात दोन प्रकार वेगळे केले होते. एकात जवळचं एक माणूस नसतं: जोडीदार, जिवलग. दुसऱ्यात माणसांचा वावर नसतो: ओळखीचे, शेजारी, रोज दिसणारे चेहरे. त्याचं म्हणणं असं की एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही. काकांना दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी. पाडव्याला पत्नीची आठवण येते, कारण पाडव्याचं औक्षण तिचं होतं, आणि त्यावर कुणाकडेच इलाज नाही. उरलेले चार दिवस त्यांना माणसांचा वावर नसतो, आणि त्यावर इलाज आहे. आपण मात्र दोन्हींवर एकच औषध देतो: मुलाला फोन करून "अरे, बाबांना एकटं वाटतंय" असं सांगायचं. मुलगा तिकडे अपराधी होतो, बाबा इकडे अवघडतात आणि पोळ्यांचा प्रश्न तसाच राहतो.

इथे एक सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये सामाजिक संबंधांवर अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो, असं त्यात म्हटलं आहे. आणि प्रमाण सर्वांत जास्त आहे ते तरुणांत, म्हाताऱ्यांत नव्हे. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाकडे दयेनं बघण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं मला दारातच सांगितलं की दिवाळीचे हे पाच दिवस त्यांचे वर्षातले सर्वांत सुखाचे. वाचनालयाच्या योजनेतून दिवाळी अंक आणायचे, भाचेमंडळींना "मला बरं नाही" असं सांगायचं आणि दार लावून वाचत बसायचं. त्यांना माझ्या लेखात कुणाचीही सहानुभूती नको आहे. अंक परत करायची तारीख जवळ आल्यामुळे त्यांनी मला चहाही दिला नाही.

भरल्या घरातली खुर्ची

खरं अवघड प्रकरण भरल्या घरात असतं. तिथे एकटेपणा आहे असं म्हणायचीही सोय नसते.

चिंचवडमधल्या अशाच एका घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गेले. तीन पिढ्या एकत्र, अठरा-वीस माणसं. आजी मधल्या खुर्चीवर, नवी साडी नेसून. प्रत्येक जण आला की वाकून नमस्कार करायचा, त्या आशीर्वाद द्यायच्या, आणि माणूस पुढे सरकायचा. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्यांना काही ऐकूच येत नाहीये. कानातलं यंत्र काढून पदराच्या टोकाला बांधलेलं. कारण साधं होतं. यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, फटाक्यांचेही. खाली सुतळी बॉम्ब फुटला की कानात कळ जाते. फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घालून दिली होती. चिंचवडच्या त्या गल्लीत ती कुणाच्या ध्यानात नव्हती. यंत्र घातलं तर फटाके, काढलं तर नातवंडं नाहीत. आजींनी काढायचं ठरवलं.

ऐकू कमी येणं हे एकटं पडण्याचं फार मोठं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. मोठ्या खोलीत दहा जण एकदम बोलत असताना चांगलं यंत्रही हात टेकतं. उपाय अगदी साधे: आजींची खुर्ची मध्यातून उचलून भिंतीच्या कोपऱ्याशी नेली की मागचा गोंगाट कमी होतो. एकेकानं समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायचं. टीव्ही बंद. फटाक्यांची वेळ ठाऊक असेल तर गप्पा दुपारी. त्या घरातल्या धाकट्या सुनेनं दुसऱ्या दिवशी खुर्ची हलवली. मला फोन करून तिनं सांगितलं ते असं: "आता आजी सगळ्यांच्या चुका काढतायत."

आणि मग औक्षण. ताट तयार झालं, मोठी सून पुढे आली, आजी आपसूक दोन पावलं मागे झाल्या. कुणी काही म्हणालं नाही, म्हणायची गरजही पडली नाही. नवरा गेला तेव्हापासून ओवाळण्याच्या ताटाला त्यांनी हात लावलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ठरावात मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं यांचा उल्लेख आहे. ताटापासून दोन पावलं मागं होणं कोणत्या ठरावात घालणार? ते घरच्यांनीच करायचं असतं. निरांजन आजींच्या हातात द्यायचं आणि त्या "नको गं" म्हणाल्या तरी हात मागे घ्यायचा नाही.

भाऊबीजही या वयात जड जाते. भाऊ नसलेली बहीण चंद्राला ओवाळते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐंशी पार केलेल्या किती बायकांचा हा चंद्र अलीकडचा असतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. एकीला पाच भाऊ होते. शेवटचा श्रावणात गेला.

पहाटेचे पाच, दुपारचे साडेचार

परदेशातल्या मुलांचं फारसं लिहीत नाही, त्यावर नाटकं-सिनेमे भरपूर झालेत. फक्त घड्याळाचं बघा. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाचला इथे उटणं लागतं तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. त्यांची संध्याकाळ सुरू होते तेव्हा आपला फराळ उरकलेला असतो. म्हणजे सण म्हणून जो क्षण असतो, तो दोन घरांत एकाच वेळी कधीच येत नाही.

एका जोडप्यानं यावर शोधलेली युक्ती आवडली. ते सणाच्या वेळी फोन करतच नाहीत. त्याआधीच्या शनिवारी रात्री लेक तिकडे सकाळी चकल्या करायला घेते, फोन ओट्यावर उभा करते, आणि आई इथून बघते. "मोहन कमी पडलंय, कडक होणार," असं आई हजारो किलोमीटरवरून सांगते. बोलणं शुभेच्छांवर येतच नाही. कॉल दोन तास चालतो आणि त्यात निम्मा वेळ दोघी गप्प असतात.

मावशी गावाला जाते

काकांच्याच इमारतीत तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. त्यांना सांभाळायला ब्युरोकडून आलेल्या मावशी बीड जिल्ह्यातल्या, पाटोदा तालुक्यातल्या. दिवाळीत मावशी आठ दिवस रजेवर जातात आणि आजींचं घर हवालदिल होतं, कारण बदली बाई मिळत नाही आणि मिळाली तर दुप्पट पैसे मागते. त्या रजेत मावशी कुणाकडे जातात, हे मी त्यांनाच विचारलं. "माझी पण म्हातारी हाय की," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले.

बीडकडच्या या गावांत दिवाळीच्या सुमाराला घरं रिकामी व्हायला लागतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, इथल्या भाषेत एकेक जोडपं म्हणजे एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. गावात उरतात म्हातारी माणसं, आणि शाळा बुडू नये म्हणून त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं. शहरात आपण मुलं निघून गेलेल्या घरांबद्दल हळहळतो. इथे मधली पिढी दर वर्षी अर्धं वर्ष गायब असते आणि त्याला कुणी एकटेपणा म्हणत नाही. त्याला हंगाम म्हणतात.

मावशींच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजीकडे तीन नातवंडं होती. एकटं वाटतं का, असं मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "टाइम कुठंय? तिघांचं न्हाणं, तिघांच्या भाकरी, शेळी." मग जरा थांबून म्हणाली, "लेकाचा फोन येत न्हाई, त्येच्यानं जीव लागून ऱ्हातो." फोन येत नाही कारण फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नाही. मोबाइल चार्ज होतो तो गाडी कारखान्यावर खाली करायला गेली तर. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, त्यातून आजी स्वतःच्या फोनचा रिचार्ज आधी करते, गोळ्या नंतर आणते. डॉक्टरांना हा क्रम आवडणार नाही. मला तो समजला.

मावशींची आई मात्र घरात सापडली नाही. शहात्तर वर्षांची म्हातारी भाऊबीजेला जामखेडला भावाकडे निघून गेली होती, एसटीनं, फुकट. राज्यात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या बायकांना अर्धं. या योजनांवर टीका पुष्कळ झाली, महामंडळाच्या तोट्याचे हिशोब मांडले गेले. पण वृद्धांच्या एकाकीपणावर सरकारनं केलेला सर्वांत चालणारा उपाय कोणता, असं मला विचाराल तर मी हाच सांगेन. दिवाळीच्या गर्दीत बसायला जागा मिळत नाही हे खरं. म्हातारी परत आली तेव्हा तिनं त्याचंच वर्णन केलं: कंडक्टर कसा खेकसला, एका पोराला उठवून जागा कशी मिळवली, भावजयीच्या हातच्या शेवेत ओवा कसा जास्त झाला होता. बोलणं संध्याकाळपर्यंत पुरलं.

तेलात सुटणारी चकली

पुन्हा कोथरूड. काकांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नव्यानं लग्न झालेली एक मुलगी राहते. धनत्रयोदशीला तिची चकली तेलात पडली की सुटायला लागली. यूट्यूबवर उत्तर सापडेना, म्हणून ती पिठाचा गोळा घेऊन पहिल्या मजल्यावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजींचं दार वाजवायला गेली. आजींनी गोळा चिमटीत घेतला, "मोहन जास्त झालंय, थोडी भाजणी घाल," म्हणाल्या, आणि मग राहवेना म्हणून काठी टेकत, लिफ्टनं, स्वतःच वर गेल्या. त्या दिवशी तिथून तीन घरांत त्यांची फेरी झाली. त्यांना फराळाचा डबा नेऊन देणारे बरेच होते. भाजणी विचारायला आलेली ती पहिली.

या सगळ्या फिरण्यात मला पटलेली गोष्ट एवढीच. म्हाताऱ्या माणसाला भेट द्यायला जाणारा दहा मिनिटांत उठतो. काम घेऊन जाणारा अडकून पडतो. मुलाला गणित समजावून द्या, जुन्या फोटोतली नावं लिहून द्या, आमची कुंडी बघा का सुकतेय, सोसायटीच्या दिवाळी पहाटेला कोणतं गाणं कुणी म्हणायचं ते ठरवा. खोटं काम मात्र चालत नाही. ते त्यांना लगेच कळतं आणि अपमान वाटतो.

कामानं भागत नाही अशीही माणसं असतात. जेवण तुटलं, आंघोळ टळायला लागली, झोप उडाली, "आता पुरे झालं" असं बोलणं वारंवार यायला लागलं, तर ते सणाचं उदासपण समजून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर या वयातही उपचार होतात. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ क्रमांकावर आहे. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, तिथे निवृत्तिवेतनापासून घरातल्या छळापर्यंत कशाबद्दलही विचारता येतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक होती. मुद्दाम त्या दिवशी. पाहुणे त्या दिवसापासून परतायला लागतात, आणि घर एकदम गप्प होतं ते दिवाळीत नाही, दिवाळीनंतर. स्नेहसंमेलनही ते तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला घेतात. बैठकीत विषय होता पुढच्या वर्षीच्या फोनच्या यादीचा: दिवाळीचे पाच दिवस, सगळं बंद असताना, कुणी कुणाला रोज एक फोन करायचा. चिटणीसांनी दोन रकाने आखून आणले होते. डावीकडे फोन करणारे, उजवीकडे ज्यांना फोन करायचा ते एकटे सभासद. काकांचं नाव उजवीकडे होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, मी काही आजारी नाही, मला डावीकडे घ्या. मग उजवीकडचे एकेक करत बाकीचेही उठले. अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं, एक राजीनामाही देऊन झाला. शेवटी चिटणीसांनी मधली रेघ खोडली. आता यादीतला प्रत्येक जण आपल्या खालच्याला फोन करतो, आणि शेवटचा पहिल्याला. राजीनामा दिलेल्या गृहस्थांचं नाव तिसरं आहे.